दोन खराट्यांचं अंतर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, कॉलेजातल्या माझ्या राज्यशास्त्राच्या सरांचे. आईवडलांचं नाव मी त्यानंतर घेतो. वडलांना याचं कधी वाईट वाटलं नाही. ते होटगीला रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. ते म्हणायचे, "आमी तुला सोलापूरच्या गाडीत बसवलं. फुडं कुटं उतरायचं ते सरांनी सांगितलं."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बारावीनंतर प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा मी कॉमर्सच्या रांगेत उभा राहिलो. का, तर ती रांग सगळ्यात लांब होती, आणि एवढे लोक उभे आहेत म्हणजे तिथं काहीतरी चांगलं मिळत असणार. शेजारून एक बुटके, जाड चष्म्याचे गृहस्थ चालले होते. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून थांबले.

"कुठला रे?"

"होटगी, सर."

"वडील काय करतात?"

"रूळ बघत्यात."

"मग तूपण बघ की, कुठल्या रुळावर उभा आहेस. हिशेब आवडतो?"

"न्हाय."

"मग चल." माझं मनगट धरून त्यांनी मला बी.ए.च्या खिडकीपाशी नेलं. तिथं कुणीही नव्हतं. "रिकाम्या रांगेला घाबरू नये. नंबर लवकर लागतो."

आयुष्यात मी पहिल्यांदा बाजू बदलली ती अशी.

सर शहराच्या पूर्व भागातले. घर विणकरांचं, घरातली भाषा तेलुगू. मराठी ते शाळेत शिकले होते, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. फक्त चिडले की तोंडून "अय्यो" निघायचं. ते कधी विमानात बसले नव्हते, पण लंडनची संसद त्यांना स्वतःच्या गल्लीसारखी पाठ होती. कोण कुठे बसतं, कोण कुणाकडे पाठ करतं, सभापती कसा ओरडतो, सगळं.

वर्गात ते बाकं फळ्याकडे तोंड करून ठेवतच नसत. तास सुरू व्हायच्या आधी आम्ही बाकं ओढून दोन रांगा समोरासमोर करायचो. मधली जागा किती ठेवायची याचा त्यांचा नियम होता. "तिकडं म्हणतात, दोन तलवारींचं अंतर असतं. म्हणजे भांडताना टोकं लागू नयेत. आपल्याकडं तलवारी कुठल्या? खराटे आणा." शिपाई दोन खराटे आणून टोकाला टोक लावून जमिनीवर ठेवायचा. तेवढं अंतर. दोन्ही बाजूंना सर खडूनं रेघ मारायचे.

मग वाद. आणि वादात कुणाचं मत बदललं, तर त्यानं जागेवर बसून मान डोलवायची नाही. उठायचं, सगळ्यांच्या देखत रेघ ओलांडून समोरच्या बाकावर जायचं, आणि मध्ये थांबून एका वाक्यात कारण सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर मुकाट परत आपल्या जागी. तोवर दोन्हीकडच्यांनी हवं तेवढं ओरडायचं. ओरडायला सरांची परवानगी होती. "तिकडंपण ओरडतात. तोंडावर ओरडलेलं बरं. पाठीमागं ओरडणारा माणूस मला नको."

माझ्यावर पोरं पहिल्यांदा ओरडली ती पाण्याच्या वादात. धरणाचं पाणी आधी उसाला की आधी शहराला? मी खेड्यातला, म्हणून मला उसाच्या बाजूला बसवलं होतं. शहरातल्या एका मुलीनं सांगितलं, नळ येतो त्या दिवशी तिची आई कामावर जात नाही, पगार कापून घेते. मी उठलो. मागून सुरू झालं, "बेइमान! गावाकडं ये, दावतो तुला!" मध्ये थांबून मी म्हटलं, "उसाला तहान लागली तर ऊस बोलत न्हाय, मानसं बोलत्यात." हे कारण फार भिकार होतं. तरी सरांनी टेबलावर हात आपटून ते मान्य केलं.

दर बुधवारी संध्याकाळी विभागात लॅपटॉपवर तिकडच्या पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं लागायची. उन्हाळ्यात साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला. तिकडचं घड्याळ बदललं की आमच्या चहाची वेळ बदलायची. पक्ष सोडणाऱ्यांच्या गोष्टी सर तेव्हा सांगायचे. तिकडं पक्षांतरबंदीचा कायदा नाही. कुणी एक जण तरुणपणी पक्ष सोडून समोर गेला, बऱ्याच वर्षांनी परत आला आणि तरी पंतप्रधान झाला. चार मोठ्या पुढाऱ्यांनी मिळून नवा पक्ष काढला, मतं ढीगभर पडली आणि खासदार मूठभर आले. अलीकडे दोन्हीकडचे काही जण एकत्र येऊन वेगळे बसले, पुढच्या निवडणुकीत त्यांच्यातला एकही परत आला नाही. आणि फार थोडे असे, की ज्यांनी आधी खासदारकी सोडली, मतदारांसमोर जाऊन उभे राहिले आणि मग नव्या बाजूला बसले. सरांचा जीव या शेवटच्यांवर होता.

"पण तुम्ही चालणाऱ्याकडं बघू नका," ते म्हणायचे. "तो उठला त्या बाकाकडं बघा. तिथं सगळ्या खासदारांना पुरतील एवढ्या जागाच नाहीत. तो रेघेपर्यंत पोचायच्या आत शेजारचे सरकून बसलेले असतात. जागा त्याची आठवण ठेवत नाही."

पुढे मी एम.ए. झालो, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालो आणि त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे, सुटीत काही नाही. मग पूर्णवेळ जागा निघाली. मुलाखतीच्या समितीत विभागप्रमुख म्हणून सर होते. पण संस्था अध्यक्षांची होती, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

अध्यक्ष माजी आमदार. त्यांनी पक्ष बदलायचं ठरवलं तेव्हा सरांना आणि मला बंगल्यावर बोलावणं आलं. संस्थेचे हेडक्लार्क तिथं आधीच होते. तेही सरांचेच जुने विद्यार्थी.

"या सर, बसा. ह्यो कोण?"

"आपल्याच विभागात तासिकेवर आहे. माझा विद्यार्थी."

"मुलाखतीला हाय की ह्यो. बसू द्या, बसू द्या." मग ते सरांकडे वळले. "सर, लोक लई नावं ठेवाय लागलेत. तुमच्या त्या इंग्लंडातबी मोठमोठी माणसं पक्ष बदलत्यात म्हणं. जरा लिहून द्या की. भाषणात घालतो."

सर म्हणाले, "साहेब, तिकडं जाणारा सगळ्यांसमोर चालत जातो. कारण सांगतो. हॉटेलात लपून बसत नाही."

सरांना वाटलं, आपण टोला मारला. अध्यक्ष मात्र पुढे सरकले. "चालत? चालत म्हणजे कसं?"

इथं सरांचा घात झाला. त्यांना कुणी नीट विचारलं की ते नीट सांगायचे. समोर कोण आहे हे ते विसरायचे. त्यांनी टीपॉयवरचे पेपर उचलून दोन रांगा मांडून दाखवल्या. इकडं सरकार, इकडं विरोधी, मध्ये रेघ, माणूस उठतो, चालतो, सगळे बघतात. हेडक्लार्क मध्येच म्हणाले, "आमच्या वर्गात खराटे ठेवायचे साहेब, अंतराला." अध्यक्षांचे डोळे चमकले.

"आरं, ह्यो तर कार्यक्रमच हाय! लाल सतरंजी टाकू मधी. सगळा स्टाफ हिकडनं तिकडं. पयले सर."

सर उठून उभे राहिले. "मी लिहून देतो. मला चालायला लावू नका. मी कुठल्याच पक्षाचं उपरणं आजवर घेतलेलं नाही."

"म्हणून तर तुमी पयले. आमच्या क्लार्कला कोण विचारतंय?" हेडक्लार्क हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "विद्यार्थी तुमचा, समिती तुमची, शब्द आमचा. तिघांनी एका बाजूला बसाय नको व्हय?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, नको. मी दुसरीकडं बघतो."

"दुसरीकडं कुठं? जागा निघतात कुठं? तुझ्या बापानं आयुष्यभर उन्हात रूळ बघितले ते तू तासाच्या हिशेबानं म्हातारा व्हायला? अय्यो, गप बस. चार पावलं तर चालायचंय."

रविवारी कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन बाजूंना समोरासमोर, मध्ये लाल सतरंजी. हेडक्लार्कनी हौसेनं आमच्या वर्गातले तेच दोन खराटे आणवले होते. अंतर मोजून झाल्यावर ते मंडपाच्या खांबापाशी टाकून दिले. शिक्षक, कारकून, शिपाई, सगळे डाव्या बाजूला बसलो. उजवीकडे नव्या पक्षाचे पाहुणे. मागे दोरीपलीकडे विद्यार्थी उभे केले होते, हजेरी लागणार या बोलीवर. त्यात सरांचा अख्खा वर्ग होता.

अध्यक्षांनी सरांचा कागद वाचला. पक्ष सोडून परत येऊन पंतप्रधान झाला, तेवढा वाचला. खासदारकी सोडून मतदारांकडे गेले त्यांच्यावर आल्यावर त्यांनी पान उलटलं. मग माइकवर म्हणाले, "आता लंडनच्या पद्धतीनं पक्षप्रवेश! आमचे सर सुरुवात करतील."

सर उठले. सतरंजीवर आले. मध्यावर उपरणं घेऊन एक कार्यकर्ता आणि माइक घेऊन दुसरा उभा होता.

मागून एकच आवाज आला. "कारण!"

मग दोरीपलीकडून सगळे. "कारण! कारण! कारण!" ती वर्गातली सवय होती. ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात दुष्टावा किती आणि सवय किती, मला सांगता येणार नाही. अध्यक्षांना ती घोषणा वाटली. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "बोला की सर, पोरं मागं लागलीत!"

माइक सरांच्या तोंडापुढे आला. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या मंडपात त्यांचं कारण फक्त मला आणि त्यांना माहीत होतं, आणि अध्यक्षांना नि हेडक्लार्कना. ते म्हणाले, "मला कारण नाही."

"मग परत!" पोरं ओरडली. "परत जा! नियम हाय! परत जा!"

नियम होताच. त्यांनीच केलेला. सर परत आले नाहीत. ते पुढे गेले, मान वाकवली, उपरणं घालून घेतलं. त्याची कड बोटांत धरून त्यांनी सूत चाचपलं. ते घरातलं वळण होतं, कापड हातात आलं की आपोआप व्हायचं. मागून "शेम, शेम" चाललं होतं. हा शब्दही त्यांनीच शिकवलेला.

मग बाकीचे निघाले, हसत, एकमेकांना ढकलत, सतरंजीवर फोटो काढत. कुणीही त्यांना कारण विचारलं नाही. थोड्या वेळात उजवीकडच्या खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक डावीकडच्याच उचलून तिकडे नेऊ लागले. सरांनी आपली खुर्ची एका बाईंना दिली होती. ते उभे होते.

डावीकडे मी राहिलो.

"उठा की मास्तर," हेडक्लार्क पलीकडून ओरडले. "मुहूर्त बघताय व्हय?"

सरांनी दोन बोटं हलवून मला बोलावलं. वर्गात बाजू बदलायला निघालेल्या घाबरट पोराला ते असंच बोलवायचे. मी खाली बघत राहिलो. ती बोटं पुन्हा हलली. मी बसून राहिलो.

मग शिपाईमामा आले. "सर, उठता का जरा? सायबांचा पावना उभा हाय, खुर्ची पायजे तिकडं."

मी उठलो. माझी खुर्ची सतरंजी ओलांडून गेली. मी खांबापाशी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. उपरण्यांची गर्दी, मध्ये अध्यक्ष, आणि अगदी कोपऱ्यात, पायाशी दोन खराटे, मी. होटगीच्या चौकात चहावाल्यानं पेपर पुढे केला. "कॉलेजात झाडाय ठिवलंय व्हय रं तुला? आन् घरात सांगतोस शिकवतो म्हनून." चौक पोट धरून हसला. वडीलही तिथंच बसले होते.

मुलाखतीच्या दिवशी मी आत गेलो आणि खुर्ची ओढली. अध्यक्ष म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमाला उभं ऱ्हायची सवय हाय." समिती हसली. सरही हसले, थोडंसं, समोरच्या कागदाकडे बघत. मी उभ्यानं उत्तरं दिली. जागा अध्यक्षांच्या साडूच्या मुलाला मिळाली.

बाहेर जिन्यापाशी सरांनी मला गाठलं.

"मग मी काय म्हणून चाललो रे?"

मी जिन्याची एक पायरी खाली उतरलो.

"तुला ताठ मान कुणी मागितली होती? मी मागितली होती का? जा, बापाला सांग, पोरगं नोकरी घालवून आलंय, पण मान बघा कशी सरळ आहे."

घरी वडलांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "सर तुझ्यासाटी वाकले," ते म्हणाले, "आन् तू त्येंच्या वाकल्याची माती केलास. असला मोटा मानूस कवा झालास रं तू?"

पुढच्या सोमवारी सर वर्गात गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर कुणीतरी तसलंच उपरणं घडी करून ठेवलं होतं. एका पोरानं विचारलं, "सर, आज कुठल्या बाजूला बसू?" सरांनी शिपायाला बोलावून सगळी बाकं फळ्याकडे तोंड करून लावून घेतली. निवृत्त होईपर्यंत ती तशीच राहिली. बुधवारचा लॅपटॉपही बंद झाला. माझे तास काढून घेतले होते, त्यामुळे हे मला पोरांकडून कळलं. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा सरांच्या पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "ते झोपलेत." आतून खोकला ऐकू येत होता.

आता मी शहरातल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतो. दहावं परिशिष्ट, पक्षांतरबंदी कायदा, चार पर्यायांपैकी एक. मी जे काही कमावतो ते सरांनी शिकवलेलं विकूनच. बुधवारी अजून बघतो, मोबाइलवर. एका बुधवारी, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या जरा आधी, एक खासदार उठला आणि समोर जाऊन बसला. मी क्लासची वही ओढून त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

आदरणीय सर,

सा. न.

आज तिकडं एक जण चालत गेला. तुम्ही सांगितलं होतं तसं मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्याच्या बाकाकडं बघितलं. तो पलीकडं पोचायच्या आत शेजारचे दोघं सरकून बसले. तुमचं म्हणणं खरं आहे.

जिन्यापाशी तुम्ही विचारलं होतं, मी काय म्हणून चाललो. मला तेव्हा उत्तर आलं नाही. आता देतो. तुम्ही माझ्यासाठी चाललात. हे मला माहीत होतं आणि मी तरीही उठलो नाही. मी उठलो असतो तर पोरांनी मलाही कारण विचारलं असतं, कारण मीही त्यांना त्याच नियमानं शिकवत होतो. तुम्ही माइकवर माझं नाव घेतलं नाहीत. मला तुमचं घ्यावं लागलं असतं. "कारण नाही" असं मला म्हणता आलं नसतं, मला कारण होतं. ते तिथं सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा मी बसून राहिलो. हे एका वाक्यात बसलं नाही, माफ करा.

वडील म्हणतात, मी तुमच्या वाकण्याची माती केली. ते बरोबर म्हणतात. पण पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा बसूनच राहीन, हेही तुम्हाला सांगायला हवं. मला रिकाम्या रांगेत तुम्हीच नेलंत.

त्या दिवशी ओरडलेल्या पोरांवर राग ठेवू नका. त्यातले तिघे आता माझ्याकडं क्लासला येतात. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, सर परत येतील असं आम्हाला खरंच वाटलं होतं.

क्लासच्या खोलीत बाकं जमिनीला ठोकलेली आहेत, फिरवता येत नाहीत. नाहीतर मी फिरवली असती.

हिवाळा लागला आहे. प्रश्नोत्तरं आता साडेपाचला असतात.

आपला विद्यार्थी